बदली ताई

ताईच्या जागी ताई नाही, हे कंपनीत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि चिमीला आधी याचाच आनंद झाला. माणसाला कशाचा आनंद व्हावा याला काही धरबंध नसतो.

दोघी सख्ख्या बहिणी, नोकरीला एकाच कंपनीत. मोठमोठ्या गोदामांतला कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये चढवायचा आणि तो ट्रक कधी सोडायचा, हे ठरवणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची. थोरली ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची. ट्रक अडकला, दाराचं यंत्र रुसलं, माल स्क्रीनवर दिसतोय पण फळीवर सापडत नाही, काहीही झालं की गोदामवाले आधी तिला लिहायचे. तिच्या हाताखालची पोरंच काय, तिच्याहून वयाने मोठे ग्राहकही तिला ताईच म्हणत. धाकटी चिमी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टोळीत. काही नवं बनवायला बसली की तिला तहानभूक राहायची नाही. कंपनीत दर महिन्याला "नवलाई" नावाची स्पर्धा असे. तरुण पोरांनी कामाव्यतिरिक्त काहीतरी नवं घडवून दाखवायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. चिमीचा फोटो विजेत्यांच्या भिंतीवर इतक्यांदा लागला होता की सफाईवाल्या बाई तिला तिच्याच फोटोवरून ओळखत.

मग ताई आजारी पडली. ताप नाही, खोकला नाही. ती घरूनच काम करायची. एका सकाळी तिने लॅपटॉप उघडला, बराच वेळ नुसती बघत राहिली, आणि तशीच उठून भिंतीकडे तोंड करून पडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मन थकलंय, विश्रांती हवी, वेळ लागेल. पण असलीच एक लांब रजा ताईने मागे घेतली होती, आणि पुन्हा घेतलीत तर जागा भरावी लागेल, असं कंपनीने तेव्हाच गोड शब्दांत कळवून ठेवलं होतं. कंपन्या कडू बोलतच नाहीत, तो त्यांचा गुण आहे.

"माझी जागा गेली तर मी उठायची नाही गं, चिमे," ताई भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली. "कुणीतरी ताई म्हणून हाक मारतं, म्हणून मी सकाळी उठते."

हे वाक्य चिमीच्या जिवाला लागलं. तिने ताईची जुनी सगळी उत्तरं गोळा केली, चार वर्षांची. ती एका प्रोग्रॅमला शिकवली. त्याला ताईच्या खात्यावर बसवलं आणि नाव ठेवलं बदली. कुणी सुट्टीवर गेलं की त्याच्या जागी येतो तो बदली माणूस, तसली ही बदली ताई. खरी बरी होईपर्यंत जागा धरून ठेवायची, एवढंच तिचं काम. फोनवर बोलायची वेळ आली की बदली लिहायची, "घसा बसलाय, लिहूनच सांगते." लोक म्हणायचे, जपा हं ताई.

सुरुवातीला बदली हुबेहूब ताई होती. ताईसारखी अर्धी वाक्यं टाकायची. "अरे बाबांनो, आधी यंत्राचं बटण तरी दाबून बघा" म्हणून झापायची. पण उत्तर आवडलं की ग्राहकाने चांदणी द्यायची, अशी सोय त्या कामात होती, आणि चिमीने हौसेने बदलीला चांदण्यांवरूनही शिकायला लावलं होतं. चांदण्या गोड उत्तरांना जास्त मिळतात. बदली हळूहळू झापायची थांबली. मग "थांब, मला नाही माहीत, विचारून सांगते" हे ताईचं ठेवणीतलं वाक्य गेलं. बदलीला सगळंच माहीत असायचं, आणि जे माहीत नसेल तेही ती अशा काही नरमाईने सांगायची की विचारणारा समाधानाने घरी जायचा.

संध्याकाळी चिमी ताईच्या उशाशी बसून दिवसभराची उत्तरं वाचून दाखवायची. तेवढंच ताईला बरं वाटेल म्हणून.

"मी असं बोलते?" ताईने एकदा विचारलं.

"थोडंसं गोड केलंय."

"लोकांना आवडतंय?"

"फार."

ताई कूस बदलून पडून राहिली. आपलं नसणंच लोकांना जास्त मानवतंय, हे ऐकून कुणाला बरं वाटेल? चिमीच्या ते तेव्हा डोक्यात शिरलं नाही. ती हुशार होती ना.

त्याच दिवसांत एका गोदामात घोळ झाला. कुणीतरी दुसऱ्याच्याच खात्यातून हुकूम सोडले आणि ट्रक भलत्याच गावाला जाऊन उभे राहिले. सगळ्या कंपनीत धावपळ झाली. चिमीच्या विभागाचा प्रमुख, ज्याला सगळे कप्तान म्हणत, त्याने त्या महिन्याच्या नवलाईला विषय दिला: खात्यावर बसलेला माणूस तोच आहे, हे कसं ओळखाल? कप्तान तिशी नुकतीच ओलांडलेला. कधी आवाज चढवायचा नाही, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही दोन क्षण थांबून मगच बोलायचा. त्या दोन क्षणांत भल्याभल्यांना घाम फुटे.

चिमीने जे बनवलं त्याचं नाव ओळख. पासवर्ड नको, अंगठा नको. माणूस कसं लिहितो, कुठले शब्द उचलतो, वाक्य कुठं मोडतो, यावरून ओळख त्याला ओळखायची. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक टिकली. हिरवी म्हणजे तुम्ही तुम्हीच. पिवळी म्हणजे संशय. लाल असताना मजकूर पाठवला की खातं बंद. कंपनीतल्या प्रत्येकाची अगदी ताजी, गेल्या तीन महिन्यांची भाषा घेऊन तिने ती ओळखला शिकवली. जुनं घ्यायचं नाही, माणसं बदलतात, हा त्या धंद्यातला साधा नियम. त्या तीन महिन्यांत ताईच्या नावाने ताईने एक ओळही लिहिली नव्हती, हे जगात फक्त चिमीला माहीत होतं, आणि नेमकं तीच विसरली. आपण केलेलं एक काम आपल्याच दुसऱ्या कामात जाऊन पडतं, हे या पोरांच्या लक्षातच येत नाही. रोज इतकं काही करत असतात.

ओळखला पहिला नंबर मिळाला. आठवड्याभरात ती सगळ्या कंपनीला लावलीसुद्धा.

आणि ताई बरी झाली. खरंच झाली. एका सकाळी उठून केस धुतले, आईला म्हणाली, "दोन अंडी जास्त टाक गं, भूक लागलीये." आई पदराने डोळे पुसत चुलीकडे वळली. ताईने चिमीकडून बदली बंद करून घेतली, टेबलाशी बसली आणि आपल्या पोरांना लिहिलं, "काय रे टवाळांनो, आहात का जिवंत? चला, कुणाचं काय अडलंय ते सांगा. डोकं अजून जड आहे, चुकले तर सांभाळून घ्या."

टिकली पिवळी झाली. ओळखबद्दल ताईने चिमीकडून नुसतं ऐकलं होतं, ही टिकली कधी पाहिली नव्हती. तिने पुढे लिहिलं, "हे पिवळं काय लुकलुकतंय?" आणि टिकली लाल झाली. स्क्रीनवर अक्षरं आली: या खात्यावर दुसरी व्यक्ती लिहीत असल्याचा संशय आहे.

ताई खळखळून हसली. किती दिवसांनी हसली. "चिमे," तिने ऑफिसात बसलेल्या बहिणीला फोन केला, "तुझी ओळख मला म्हणते तू कोण!"

चिमीच्या पायाखालची जमीन सरकली. आपण काय करून ठेवलंय ते तिला एका दमात दिसलं. तोवर कप्तान तिच्या खुर्चीमागे येऊन उभा होता.

"ताईंच्या खात्यावर कुणीतरी आहे," तो हलकेच म्हणाला. "मी खातं तात्पुरतं उघडून त्यांना पाच साधे प्रश्न पाठवतोय, नेहमीसारखी उत्तरं लिहा म्हणून. त्यात लाल आलं तर नियमाने खातं कायमचं बंद करावं लागेल आणि चौकशी होईल. तू बघ जरा. ओळख चुकतेय की ताई चुकतायत?"

ओळख चुकतेय म्हणावं, तर का चुकतेय ते दाखवावं लागणार. ते दाखवलं की तीन महिने ताई कामावर नव्हतीच, हे उघडं पडणार, आणि जी जागा वाचवायला हा सगळा खटाटोप केला तीच जाणार. इकडे आड तिकडे विहीर. चिमीने फोन टेबलाखाली धरला, बदली चालू केली, ताईकडून मागवलेले पाचही प्रश्न तिला घातले, आणि आलेली उत्तरं ताईला पाठवली. वर लिहिलं, "हसू नकोस. हे जसंच्या तसं लिही. एक अक्षर बदलू नकोस. घरी आल्यावर सांगते."

थोड्या वेळाने ताईची टिकली हिरवी झाली. कप्तान दोन क्षण थांबला. "छान," म्हणाला आणि गेला. चिमीचा जीव भांड्यात पडला, पण त्या भांड्याला तळ नव्हता.

घरी येऊन तिने ताईला सगळं सांगितलं. ताई चिडली. पण मार्ग एकच होता. काही दिवस ताईने बदलीसारखं लिहायचं. मग रोज एखादं वाक्य स्वतःचं घालत जायचं, म्हणजे ओळख हळूहळू शिकेल आणि खऱ्या ताईला ताई म्हणू लागेल. "महिन्याभरात तू तू होशील," चिमी म्हणाली. हे बोलताना आपल्याला काहीच वेडंवाकडं वाटलं नाही, याचं तिला पुढे फार नवल वाटायचं.

पहिले काही दिवस ताई बदलीची वाक्यं बघून उतरवायची. मग तिला ती पाठ झाली. मग बघावंही लागेना. स्वतःचं वाक्य घालायचा तिने प्रयत्न केला नाही असं नाही. एका गोदामवाल्याला तिने लिहिलं, "अहो, एवढं काय घाबरताय, ट्रकच आहे, नवरदेव नाही रुसलेला." टिकली पिवळी झाली. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ते भराभर खोडलं आणि लिहिलं, "आपली अडचण मी समजू शकते. आपण सोबत मिळून मार्ग काढू." टिकली हिरवी. त्यानंतर तिने तो नाद सोडला.

घरात आधी कळलं ते आईला. आईला ओळख, बदली काही ठाऊक नव्हतं, पण तिने जन्म दिला होता.

"चिमे," भांडी विसळता विसळता ती कुजबुजली, "ही हल्ली माझ्याशी भांडत नाही गं."

"मग बरंच की."

"कसलं बरं? काल माझ्या हातून हिचा कप फुटला. आवडता कप. म्हटलं आता घर डोक्यावर घेईल. तर म्हणाली, 'असं होऊ शकतं, आई. तू सांगितलंस हे चांगलं केलंस.' माझ्या अंगावर काटा आला. मी काय हिची गिऱ्हाईक आहे?"

त्या दिवसापासून चिमी ताईला नीट न्याहाळू लागली. ताई वेळेवर उठायची, जेवायची, काम करायची. विचारलं तर "मी ठीक आहे, विचारल्याबद्दल बरं वाटलं" म्हणायची. बोलण्याआधी तिचे डोळे क्षणभर उजवीकडे वर जायचे, स्क्रीनचा तो कोपरा जिथं असतो तिथं. समोर स्क्रीन नसली तरी. भिंतीकडे तोंड करून पडलेली ताई चिमीला परवडली असती. ती निदान ताई होती. चिमीला भीती वाटू लागली, साधी, लहानपणी अंधाऱ्या खोलीत वाटायची तशी, आणि शेवटी तिने ठरवलं की आता बस्स. नोकरी जाईल तर जाऊ दे, दोघींची जाऊ दे, पण ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही.

ती कप्तानच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. आजारपण, बदली, ओळखची चूक, टेबलाखालचा फोन. सांगता सांगता रडलीसुद्धा.

कप्तानने तिला पाणी दिलं. दोन क्षण थांबला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

चिमीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"पहिल्याच आठवड्यात कळलं. आपल्याकडे नसलेल्या एका गोदामाबद्दल मी ताईंना मुद्दाम विचारलं होतं. खऱ्या ताईंनी माझी टिंगल केली असती. मला मात्र फार सभ्य आणि सविस्तर उत्तर आलं." तो किंचित हसला. "मी गप्प बसलो. तक्रारी कमी होत होत्या, चांदण्या वाढत होत्या. मग तू ओळख बनवलीस आणि ताजेच महिने घेतलेस. मला वाटलं, पोरगी मुद्दाम करतेय. काय धाडस आहे!"

"मुद्दाम नाही केलं हो! चूक झाली माझी."

"चांगल्या गोष्टी बऱ्याचदा चुकून होतात." त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. त्यावर सगळ्यांची नावं होती, ताईच्या हाताखालच्या त्या टवाळ पोरांपासून दारावरच्या स्वागतिकेपर्यंत, आणि प्रत्येक नावासमोर लिहिलं होतं: बदली तयार होत आहे. "वरून मंजुरी आलीये. प्रत्येकाला एक बदली. लिहायचं काम ती करेल. पण नावाला माणूस लागतोच. ग्राहकाला फोनवर आवाज हवा असतो, समोर चेहरा हवा असतो. आणि तो माणूस बदलीसारखाच बोलला पाहिजे, नाहीतर ग्राहक गोंधळतो. ज्यांना ते जमणार नाही त्यांना ओळख आत घेणार नाही. कुणाला काढायची गरजच नाही, बघ. ज्याचा तोच बाहेर राहील."

चिमीने यादीत स्वतःचं नाव शोधलं. तेही होतं.

"तुझी बदली सोमवारपासून बसेल. घाबरू नकोस, शिकवणी ठेवलीये. आपल्यात एकच माणूस असा आहे ज्याला हे पूर्ण जमलंय. ताईंना मी सकाळीच विचारलं. त्या हो म्हणाल्या."

चिमी घरी कशी पोचली ते तिचं तिला कळलं नाही. दार उघडलं तर ताई टेबलाशी बसली होती, केस नीट विंचरलेले, समोर लॅपटॉप.

"ताई, आपण दोघी नोकरी सोडू," चिमी धापा टाकत म्हणाली. "आजच. कुठंही काम करू. तू पुन्हा आजारी पडलीस तरी चालेल मला, मी बघेन तुझ्याकडे. पण हे नको."

"बैस," ताई म्हणाली. "पाणी घे."

"ताई, तुला वाईट नाही का वाटत?"

ताईने विचार केला. डोळे उजवीकडे वर गेले आणि खाली आले. "आधी वाटायचं. मग वाईट वाटत नाही याचं वाटायचं. आता तेही नाही वाटत. माझी जागा राहिली, चिमे. तू राखलीस. आता मला तुझी राखू दे." तिने लॅपटॉप बहिणीकडे सरकवला. "तुझ्या मनात आहे ना ते तुझ्या खात्यावरून कप्तानला लिही. मी बघते."

चिमीने लिहिलं. दात-ओठ खाऊन लिहिलं. तुम्ही माणसं आहात का, माझ्या बहिणीचं काय करून ठेवलंत, असलं पाप माझ्या हातून होणार नाही, आणि चुलीत गेली तुमची नवलाई. कोपऱ्यातली टिकली लालबुंद होती. ताई शेजारी येऊन बसली. लहानपणी चिमीच्या वेण्या घालताना बसायची तशी, खांद्याला खांदा लावून. आणि एकेक शब्द पुसू लागली.

"'पाप' तू म्हणत नाहीस," ती मायेने म्हणाली. "'चुलीत' तर नाहीच. हे बघ, इथं तुझा आवाज चढलाय. तू अशी नाहीस."

"मी अशीच आहे!"

"रागावू नकोस. पहिल्यांदा जड जातं."

टिकली लालची पिवळी झाली. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "काय लिहिताय गं दोघी?"

"चिमीचं उत्तर, आई," ताईने सांगितलं, आणि शेवटची ओळ नीट केली. स्क्रीनवर उरलं ते इतकंच होतं: योजनेबद्दल आभार. काही शंका होत्या, त्या आता दूर झाल्या आहेत. सोमवारपासून मी तयार आहे.

टिकली हिरवी झाली. चिमीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. यातला कुठला शब्द आपला नाही, ते बोट ठेवून दाखवावं म्हणून ती शोधू लागली, आणि तिला तो सापडेना.